स्कूल बसचा स्टॉप, उतरणं आणि रस्ता ओलांडणं: शाळा सुरू व्हायच्या आधी पालकांनी करायच्या गोष्टी

मे संपत आला की पालकांच्या ग्रुपवर बसची चर्चा सुरू होते. फी किती वाढवली, एसी आहे का, जीपीएसचं अॅप नीट चालतं का, कॅमेरा आहे का. हे सगळं विचारायलाच पाहिजे, पण यातलं जवळपास सगळं बसच्या आतलं आहे. आत बसलेलं मूल त्यामानाने बरंच सुरक्षित असतं, कारण बस मोठी आणि जड, शहरातल्या ट्रॅफिकमध्ये ती पळून पळून किती पळणार. खरा धोका सुरू होतो तो शेवटच्या पायरीवरून पाय खाली टेकला की, आणि संपतो घराच्या गेटच्या आत आल्यावर. मधली ही दोन-तीन मिनिटं आणि बसच्या आजूबाजूची चार-पाच पावलं, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. दरवर्षी कोणीतरी एक इंग्रजी व्हिडिओ फॉरवर्ड करतं, त्यात मूल बसमधून उतरतं, बसच्या पुढे दहा पावलं चालत जातं, ड्रायव्हरकडे बघतं, तो खूण करतो आणि मूल बसच्या पुढून रस्ता ओलांडतं. व्हिडिओ छान असतो पण तो अमेरिकेतला असतो. तिकडे पन्नासच्या पन्नास राज्यांमध्ये कायदा आहे की स्कूल बसचे लाल दिवे लुकलुकायला लागले आणि बाजूने थांबा लिहिलेला हात बाहेर आला की मागच्या गाड्यांनी थांबायचं, आणि मध्ये डिव्हायडर नसेल तर समोरून येणाऱ्यांनीसुद्धा. दंड भरपूर, त्यामुळे बहुतेक लोक थांबतात. म्हणून तिथे बसच्या पुढून जाणं हीच योग्य पद्धत आहे.

आपल्याकडे बसचा पिवळा रंग आला (तोही मूळचा तिकडचाच, १९३९ साली न्यूयॉर्कला एक परिषद भरली होती त्यात ठरलेला), काही नव्या गाड्यांना तो बाहेर येणारा हातसुद्धा असतो, पण थांबलेल्या बसमागे थांबायची सवय रस्त्यावर कुणालाच नाही. उलट बस थांबली की मागचा हॉर्न वाजवतो आणि उजवीकडून कट मारून पुढे जातो. म्हणजे बसच्या पुढून आडवं निघालेलं मूल बरोब्बर त्याच्या पुढ्यात येतं, आणि बसमुळे दोघांना एकमेकं दिसलेलीच नसतात. अडीच मीटर रुंद आणि माणसाहून उंच अशी भिंतच उभी असते ना मध्ये. अमेरिकेतून, न्यू जर्सी, बे एरिया वगैरेकडून परत आलेल्या घरांमधल्या मुलांकडे इथे जास्त लक्ष द्या. त्यांना तिकडे शाळेने पुढून ओलांडायची सवय घोटून घोटून लावलेली असते आणि इथे तीच सवय घात करते.

आपल्या रस्त्यांसाठी क्रम असा: पहिलं म्हणजे ओलांडायची वेळच येऊ नये असा स्टॉप मिळवायचा. ते नाहीच जमलं तर बस निघून जाईपर्यंत रस्त्यात पाऊल टाकायचं नाही. बाकी सगळे या दोन गोष्टींचे तपशील आहेत, पण तपशिलातच गोची असते म्हणून एकेक घेऊ.

पायरी १: स्टॉप. सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा

आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, बसचं दारही डावीकडे, त्यामुळे मूल नेहमी बस ज्या बाजूने चालली आहे त्या बाजूच्या कडेला उतरतं. आता होतं काय, सकाळी बस तुमच्या सोसायटीच्या गेटसमोर येते, मूल आरामात चढतं, तुम्ही खूश. दुपारी तीच बस उलट दिशेने येते आणि मुलाला समोरच्या बाजूला सोडते. सकाळचा स्टॉप बघून लोक हो म्हणून टाकतात आणि दुपारचं लक्षातच येत नाही. खरं तर दुपारच वाईट, मूल दमलेलं असतं, भुकेलेलं असतं, समोर घर दिसत असतं, सकाळसारखे आई-बाबा दोघं हजर नसतात. म्हणून बसवाल्यांना विचारायचा पहिला प्रश्न हाच की दुपारी कुठल्या बाजूला सोडणार.

समोरच्या बाजूला असं उत्तर आलं तर लगेच गप्प बसू नका. पर्याय असतात. बऱ्याचदा रूट एका गोल चक्करचा असतो, मग दुपारी तोच गोल त्याच दिशेने फिरवला तर मुलं घराच्या बाजूला उतरतात, फक्त कोण आधी उतरणार याचा क्रम बदलतो. पुढच्या चौकातून यू-टर्न मारून यायला बसला पाच-सात मिनिटं जास्त लागतात, ती द्यायला ड्रायव्हर कुरकुर करतात पण दहा पालकांनी मिळून सांगितलं की होतं. एकट्याने फोन केला तर बघतो बघतो म्हणत जून-जुलै निघून जातो. तेही शक्य नसेल तर स्टॉप मेन रोडवरून उचलून आतल्या गल्लीत किंवा सोसायटीच्या आत घ्या. बस आत वळणार नाही म्हणाले तर निदान सर्व्हिस रोडवर तरी घ्या, बायपासच्या किंवा हायवेच्या कडेला स्टॉप असेल तर तो काहीही करून बदलूनच घ्या, यात तडजोड नाही.

हे सांगायचं कुणाला? महाराष्ट्रात २०११ पासून स्कूल बससाठी वेगळे नियम आहेत आणि त्यात प्रत्येक शाळेत परिवहन समिती असलीच पाहिजे असं आहे, अध्यक्ष मुख्याध्यापक, आणि पालकांचा प्रतिनिधी, पोलीस, आरटीओची माणसं वगैरे सदस्य. स्टॉप कुठे असावेत हे बघणं त्या समितीच्या कामातच येतं. बऱ्याच शाळांमध्ये ही समिती कागदावर असते, वर्षातून एकदा फोटोपुरती भरते. तरी अर्ज तिच्याच नावाने द्या, लेखी द्या, पोच घ्या, आणि पाच-सहा घरांच्या सह्या घ्या. तोंडी सांगितलेलं ड्रायव्हर बदलला की हवेत विरतं, कागद फाईलला राहतो.

स्टॉप ठरवायच्या आधी तिथे जाऊन उभं राहा, बस ज्या वेळेला येणार त्याच वेळेला, रविवारी नाही. आणि एकदा खाली उकिडवं बसून मुलाच्या उंचीवरून बघा. मी हे सांगतो तेव्हा लोक हसतात पण करून बघा, उभं राहून जो रस्ता लांबपर्यंत मोकळा दिसतो तो खाली बसल्यावर एकदम गायब होतो, पार्क केलेल्या स्कूटरची सीट, भाजीची हातगाडी, चहाच्या टपरीचा बोर्ड, डिव्हायडरमधली झाडं, एवढंच दिसतं. मुलाला रोज तेवढंच दिसणार आहे.

वळणावर, वळणाच्या लगेच पुढे किंवा मागे, चढ संपतो तिथे, फ्लायओव्हर उतरतो तिथे स्टॉप नको, कारण येणारी गाडी ऐन वेळी दिसते. मोठा ट्रान्सफॉर्मर, कचऱ्याचा कंटेनर किंवा कायम उभा असलेला टेम्पो असेल तर त्याच्या आडोशाला नको. स्पीडब्रेकर असेल तर बेस्ट, त्याच्या थोडं अलीकडे-पलीकडे स्टॉप घ्या, निदान गाड्यांचा वेग तरी मोडतो. उभं राहायला फुटपाथ नसेल तर रस्त्यापासून चार-पाच पावलं मागे सरकता येईल एवढी मोकळी जागा तरी हवी. आणि हो, पावसाळ्यात तिथे तळं साचतं का हे शेजारच्या दुकानदाराला विचारा, त्याला नक्की माहीत असतं.

पायरी २: सकाळी उभं राहणं

बस यायच्या पाच मिनिटं आधी पोचा. यात शिस्तीपेक्षा महत्त्वाचं हे की उशीर झालेलं मूल पळतं आणि पळणारं मूल बघत नाही. मुलांनी रस्त्याच्या कडेपासून मागे उभं राहायचं, दप्तरं ओळीत ठेवायची, पकडापकडी आणि क्रिकेट स्टॉपवर नाही. बस पूर्ण थांबली, दार उघडलं, आतून ताईंनी (बसमधल्या मदतनीस) या म्हटलं की मगच पुढे व्हायचं. चालत्या बसच्या बरोबरीने दाराकडे पळणारी मुलं बघितली आहेत का, पाय घसरला तर सरळ मागच्या डाव्या चाकाकडे.

बस समोरच्या बाजूला येऊन थांबली आणि तुम्ही अजून अलीकडे आहात, हा सगळ्यात वाईट प्रसंग. आपण काय करतो, हात वर करतो, काका थांबा थांबा ओरडतो आणि मुलाचा हात धरून ट्रॅफिकमध्ये घुसतो. त्याऐवजी घरात एकच नियम ठेवा, बस सुटली तर सुटली, रिक्षाने किंवा गाडीवर सोडू. हे मुलासमोर एकदा स्पष्ट बोला, म्हणजे त्याला बस चुकायची भीती राहत नाही. मूल शाळेत उशिरा पोचलं म्हणून काही बिघडत नाही, फार तर डायरीत एक शेरा येईल.

ज्यांची शाळा सातला भरते त्यांच्यासाठी अजून एक. २०२४ मध्ये सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं खरं, पण वरच्या वर्गांची मुलं डिसेंबर-जानेवारीत अजूनही अंधारात आणि धुक्यात उभी असतात. दप्तराला चमकणारी पट्टी लावा, हार्डवेअरच्या किंवा सायकलच्या दुकानात मीटरवर मिळते, गाडीचा दिवा पडला की लांबून चमकते. दप्तराच्या मागे, आणि पट्ट्यांवर पुढूनही, कारण गाडी दोन्ही बाजूंनी येते. काळा किंवा नेव्ही ब्लू रेनकोट घेऊ नका, दुकानात तोच रंग जास्त असतो तरी.

पायरी ३: उतरणं

हा भाग कुठल्याही परदेशी व्हिडिओत नसतो कारण ही आपली खासियत आहे: बस आणि फुटपाथच्या मधून, डावीकडून घुसणारी दुचाकी. बस कडेपासून चार फूट लांब थांबली की त्या फटीतून अॅक्टिव्हा, सायकली, डिलिव्हरीवाले सगळे निघतात. मूल दार उघडल्यावर उडी मारून खाली आलं की संपलं. म्हणून दोन गोष्टी करायच्या. ड्रायव्हरला सांगायचं की बस कडेला चिकटवून लाव, एवढी की मधून सायकलसुद्धा जाऊ नये. आणि उतरायच्या आधी, शेवटच्या पायरीवर उभं राहून, दांडी धरून, बसच्या मागच्या दिशेला मान वळवून बघायचं. सगळ्यात आधी ताई किंवा मावशीने खाली उतरायचं, त्या फटीत उभं राहायचं आणि मग एकेका मुलाला खाली घ्यायचं. दारात उभं राहून चला चला उतरा म्हणणारी मावशी कामाची नाही. नियमाप्रमाणे बसमध्ये मदतनीस लागतोच, मुली असतील तर बाई असली पाहिजे.

दप्तराचे लोंबणारे पट्टे, कानटोपीची दोरी, गळ्यातलं ओळखपत्राचं लेस, लांब ओढणी, हे सगळं दारात अडकतं. मूल बाहेर येतं पण दप्तर आत अडकून राहतं आणि ड्रायव्हरला वाटतं उतरलं. दप्तराचे जास्तीचे पट्टे कापा किंवा रबरबँड लावून गुंडाळा, दोन मिनिटांचं काम आहे. वॉटर बॉटल हातात नको, गळ्यातही नको, दप्तराच्या आत किंवा बाजूच्या घट्ट खिशात. आणि उतरताना दोन्ही हात मोकळे पाहिजेत, चित्रकलेचा तो मोठा कागद, क्राफ्टचं घर वगैरे असेल त्या दिवशी ते ताईंच्या हातात द्यायचं, त्या खाली देतील.

वस्तू पडली तर: हे वेगळं शिकवा

याला वेगळा मथळा दिलाय कारण मोठ्या माणसाच्या हे डोक्यातच येत नाही. मूल उतरतं, बाटलीचं झाकण सुटतं, घरंगळत बसच्या पुढच्या चाकाजवळ जातं. मूल खाली वाकतं. आता ड्रायव्हरच्या सीटवरून काय दिसतं ते कधी आत बसून बघा, काका नाही म्हणत नाहीत. बसच्या नाकासमोरची काही पावलं जमीन दिसतच नाही, उभं मूलसुद्धा जेमतेम दिसतं, वाकलेलं तर नाहीच नाही. उजव्या-डाव्या आरशातही चाकाजवळचा कोपरा निसटतो. काही बसना पुढे तो गोल फुगीर आरसा असतो, तो असेल तर बराच फरक पडतो, पण तो नीट लावलेला आहे का, पुसलेला आहे का हे कोण बघतं.

म्हणून मुलाला असं सांगा: बसच्या जवळ काहीही पडलं, बाटली, डबा, पन्नास रुपये, अगदी मोबाईल असला तरी, वाकायचं नाही. हात लावायचा नाही. लांब व्हायचं आणि ताईंना किंवा काकांना मोठ्याने सांगायचं. बाटली चेपली तर नवी घेऊ. हे शेवटचं वाक्य आवर्जून म्हणा, कारण मुलं धोक्याला घाबरत नाहीत, घरी गेल्यावर बाटली हरवली म्हणून ओरडा बसेल याला घाबरतात. आणि मग खरंच बाटली हरवली की खरंच ओरडू नका.

पायरी ४: ओलांडणं, जर ओलांडावंच लागत असेल तर

उतरलं की बसपासून लांब व्हायचं, सरळ आत, फुटपाथवर किंवा भिंतीकडे, मोठी पाच पावलं. मागे नाही, पुढे नाही. तिथे उभं राहून बस जाऊ द्यायची. बस गेली, रस्ता दोन्हीकडे दिसायला लागला, की मग ओलांडायची तयारी. बस उभी असताना पुढूनही नाही आणि मागूनही नाही. मागून गेलं तर चालतं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण मागे बस रिव्हर्स येऊ शकते आणि समोरून येणाऱ्या गाडीला तुम्ही बसच्या शेपटीमागून अचानकच उगवता, म्हणजे फरक काहीच नाही.

आता किती मोकळा रस्ता म्हणजे मोकळा, हे बघू. साधा दोन पदरी रस्ता सात मीटरचा. पहिली-दुसरीतलं मूल दप्तर घेऊन चालतं साधारण सेकंदाला एक मीटर, म्हणजे पलीकडे जायला सात सेकंद. ५० च्या वेगाने येणारी बाईक सेकंदाला जवळजवळ १४ मीटर येते, सात सेकंदांत ९८ मीटर. म्हणजे बाईक शंभर मीटर लांब असतानासुद्धा निघालात तर तुम्ही पोचता आणि ती पोचते एकाच वेळी. मुलांना मीटर सांगून उपयोग नाही. रस्त्यावरचे दिव्याचे खांब बऱ्याच ठिकाणी २५-३० मीटरवर असतात, तुमच्या स्टॉपवर एकदा पावलांनी मोजून घ्या आणि सांगा, त्या चौथ्या खांबाच्या अलीकडे कुठलीही चालती गाडी असेल तर थांबायचं. खांब दाखवता येतो, त्यामुळे हे मुलांना पटकन जमतं. बाईकवाल्याने ब्रेक मारला तरी ५० च्या वेगात कोरड्या रस्त्यावर त्याला थांबायला २५-३० मीटर सहज लागतात, पावसात कितीतरी जास्त, त्यामुळे तो थांबेलच यावर हिशोब ठेवायचा नाही.

बघायचा क्रम उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे. पुन्हा उजवीकडे का, तर आपल्या जवळच्या अर्ध्या रस्त्यावर गाड्या उजवीकडून येतात, पहिला धोका तोच. मध्यापर्यंत गेलं की डावीकडे नजर. पण आपल्याकडे राँग साईडने येणाऱ्यांची पण एक वेगळी लेन असते म्हणा, त्यामुळे दोन्ही बाजू शेवटपर्यंत बघायच्या. कानावर भरवसा नको, इलेक्ट्रिक स्कूटरचा आवाजच येत नाही आणि त्या आता गल्लोगल्ली आहेत. सरळ रेषेत चालायचं, तिरकं नाही, पळायचं नाही, मध्ये थांबून मागे फिरायचं तर अजिबात नाही. एक गाडी थांबली म्हणजे सगळ्या थांबल्या असं नसतं, थांबलेल्या कारच्या शेजारून बाईक निघतेच, म्हणून प्रत्येक लेनच्या कडेला पुन्हा डोकावायचं.

डिव्हायडर असेल तर दोन वेगळे रस्ते समजायचे, मध्ये थांबून पुन्हा पहिल्यापासून. डिव्हायडर उभं राहण्याएवढा रुंद नसेल, किंवा लोखंडी जाळी वाकवून केलेल्या फटीतून जावं लागत असेल, तर तिथून मुलं नेऊच नका. चौकापर्यंत चालत जा आणि सिग्नलला ओलांडा, पाच मिनिटं जास्त लागू द्या.

मुलाचा हात धरताना बोटं नाही, मनगट धरा. बोटं सुटतात. आणि मूल तुमच्या त्या बाजूला ठेवा जिकडून गाड्या येत नाहीत, मध्यावर आल्यावर बाजू बदला.

ट्रॅफिक तुंबलाय आणि बस हलतच नाही, असं झालं तर? तर थांबायचं, एवढंच. दहा मिनिटं लागली तरी. अगदीच इलाज नसेल, अंधारून आलंय, पाऊस आहे, तर एकट्या मुलाने नाही, ताईंनी किंवा घरच्या मोठ्याने न्यायचं: बसच्या बरंच पुढे जायचं, ड्रायव्हरचा चेहरा स्पष्ट दिसेल एवढं, त्याला हाताने खूण करायची, त्याची खूण येऊ द्यायची, आणि बसची उजवी कड जिथे संपते त्या रेषेवर थांबून, मोठ्या माणसाने आधी स्वतः डोकावून बघायचं. मूल मागे. मगच पुढे. हा रोजचा मार्ग होऊ देऊ नका.

कितव्या वर्षी एकटं?

नऊ-दहा वर्षांपर्यंत मोठ्या रस्त्यावर एकट्याने नाही, असं माझं स्पष्ट मत आहे, मूल कितीही हुशार असू दे. हुशारीचा इथे संबंध नाही. लहान मुलांना येणाऱ्या गाडीचा वेग नीट ओळखता येत नाही, ती अंतर बघून ठरवतात, लांब आहे म्हणजे जाऊ. आणि मित्र पलीकडे दिसला की तेही विसरतात. त्यानंतरही एकदम सोडू नका. आधी काही आठवडे तुम्ही हात धरून न्या पण बोला, बघ मी काय बघतोय. मग मुलाला सांगू दे, आता जायचं का थांबायचं, निर्णय त्याचा, हात तुमच्या हातात. मग तुम्ही दोन पावलं मागे. मग पलीकडून नुसतं बघायचं. कुठल्याही टप्प्यावर एकदा जरी पळालं तरी एक पायरी मागे या, शिक्षा म्हणून नाही, अजून सराव हवा म्हणून.

न्यायला कोण येतं

दुपारी न्यायला बहुतेक घरांत आजी-आजोबा किंवा कामाच्या मावशी असतात. त्यांना प्रेमाने पण अगदी नक्की सांगायची एक गोष्ट: बस ज्या बाजूला थांबते त्याच बाजूला आधी जाऊन उभं राहायचं. घराच्या बाजूला उभं राहून समोरून, सोनू, इकडे बघ, ये बाळा, असं हात हलवून बोलवायचं नाही. मूल हाक ऐकतं आणि सरळ धावतं. नात्यातलं प्रेम म्हणून हाक मारली जाते आणि त्याच हाकेने अपघात होतो. आजोबांचे गुडघे दुखतात, त्यांना ओलांडता येत नाही, असं असेल तर शेजारच्या कुणाला तरी सांगा किंवा आळीपाळीने पालकांची ड्युटी लावा, चार घरं असली तरी आठवड्याचं होतं.

नेणाऱ्या माणसांची यादी, फोटो आणि फोन नंबर ताईंकडे द्या. ओळखीचं कुणी नसेल तर लहान मुलाला स्टॉपवर सोडायचं नाही, बसमध्येच ठेवायचं आणि फोन करायचा, हे ताईंशी आधी बोलून ठेवा. अशा वेळी काका रूट पूर्ण करून शाळेत परत नेतात, तुमचा एक तास मोडतो, मोडू दे.

काका आणि ताई

१९९७ मध्ये दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत पडली, २८ मुलं गेली, आणि त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने शाळेच्या बससाठी नियमांची यादी दिली. ड्रायव्हरला जड वाहन चालवल्याचा पाच वर्षांचा अनुभव, वेग ४० वर बांधणारा गव्हर्नर, खिडक्यांना आडव्या दांड्या, दाराला नीट कुलूप, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, शाळेचं नाव आणि फोन बसवर, हे तेव्हापासूनचं. हे सगळं शाळेला विचारायचा तुम्हाला हक्क आहे, विचारल्यावर ऑफिसने तोंड वाकडं केलं तरी.

पण कागदापेक्षा रोजचं वागणं बघा. सगळी मुलं कडेला गेली हे मोजल्याशिवाय बस हलते का? ताई दार लावून मग बेल मारतात की बेल मारून मग दार? थांबल्यावर चारही दिवे लुकलुकतात का? सोसायटीत रिव्हर्स घेताना ताई खाली उतरून मागे उभ्या राहतात का? हे चार प्रश्न एका आठवड्यात स्टॉपवर उभं राहून कळतात. चुकलं तर आधी काकांशीच बोला, बाजूला घेऊन, मुलांसमोर नाही. बहुतेक काका मुलांवर जीव लावणारे असतात, त्यांच्या डोक्यावर पुढच्या स्टॉपच्या वेळेचा ताण असतो, आणि तो ताण आपणच फोन करून करून देतो. बस कुठे आली म्हणून ड्रायव्हरला फोन करणं बंद करा. गाडी चालवणाऱ्या माणसाला फोन करायचा आणि मग मोबाईलवर बोलतो म्हणून तक्रार करायची, हे काही बरोबर नाही. फोन ताईंना करा.

व्हॅन आणि रिक्षावाल्यांचं थोडक्यात: उजवीकडचं दार किंवा उजवी बाजू कायमची बंद असली पाहिजे, रिक्षाला तिकडे आडवी दांडी किंवा जाळी. मुलं फक्त डावीकडून उतरतात. व्हॅनचं दार मूल स्वतः सरकवत असेल तर ते थांबवा. ड्रायव्हर एकटाच असतो, ताई नसतात, त्यामुळे मुलाला घराच्याच बाजूला सोडायचं हे व्हॅनच्या बाबतीत अजिबात सोडू नका, छोटी गाडी आहे, वळवायला काही लागत नाही.

पाऊस

रेनकोटची टोपी डोळ्यांवर आणि कानांवर येते, मान वळवली तरी टोपी वळत नाही, मुलाला बाजूचं काही दिसत नाही. पुढे प्लास्टिकची पारदर्शक पट्टी असलेला रेनकोट घ्या, किंवा ओलांडताना टोपी मागे, केस भिजले तर भिजले. लहान मुलांना छत्री देऊ नका, वाऱ्याने उलटते आणि मूल छत्री सांभाळत रस्त्यात जातं. साचलेल्या पाण्यातून चालायचं नाही, झाकण उघडं असलेलं चेंबर पाण्याखाली दिसत नाही. त्या दिवशी स्टॉप वीस पावलं पुढे घ्यायला काकांना सांगा, ऐकतात.

आणि तुम्ही स्वतः गाडीवर असाल तेव्हा

समोर पिवळी बस थांबली की वेग एकदम कमी करा, ब्रेकवर बोटं, डावीकडून तर अजिबात घुसू नका. झेब्रा क्रॉसिंगवर चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा नियमच आहे. स्टॉपवर सोडायला येणारे पालकच बस मागे असताना गाडी आडवी लावतात, राँग साईडने निघतात, आणि मग ट्रॅफिकच्या नावाने बोलतात. ग्रुपवर हे लिहिलं की दोन दिवस शांतता असते, तरी लिहीत राहा.

काही झालंच तर १०८ ला अँब्युलन्स, ११२ ला पोलीस. मुलाला उचलून लगेच बसवू नका, मान-पाठीला मार असू शकतो, फक्त ट्रॅफिक अडवा, बसचं इंजिन बंद करायला लावा आणि बाकीची मुलं फुटपाथवर घ्या. मदत करणारा पोलिसांच्या भानगडीत अडकेल या भीतीने लोक मागे सरतात, पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातच मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, त्याला नाव सांगायचीही सक्ती नाही. आणि कुणाला काही लागलं नाही पण थोडक्यात वाचलं, असा प्रसंग झाला तर तोही शाळेला त्याच दिवशी लिहून कळवा, तारीख, वेळ, बसचा नंबर, स्टॉप. स्टॉप बदलायचा अर्ज महिनाभर अडकला असेल तर या चार ओळींनी तो बऱ्याचदा हलतो.